आजोबांचा पटका कसा बांधायचा?

शेंदरीसांज (रविवार, रात्री ९:१२)

मागच्या आठवड्यात वाळव्याकडच्या घरी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. आजीचं लुगडं, दोन पितळी डबे आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला आजोबांचा पटका निघाला. आजोबा जाऊन तीस वर्षं होत आली, मी तेव्हा सात वर्षांचा होतो. त्यांना पटक्याशिवाय पाहिल्याचं आठवत नाही. अंघोळ करून आले की आधी डोकं झाकायचं, मग अंगात सदरा.

घरात कुणालाच तो बांधता येत नाही. वडील गांधी टोपीवाले, तेही आता नाहीत. माझ्या पिढीत डोक्याला कुणी काही लावतच नाही. कापड सुती आहे, मोजलं तर साडेसहा मीटर भरलं, पन्हा सव्वा हात. रंग एकेकाळी गुलाबी असावा. आता त्याच्यावर तिरके पट्टे दिसतात, एक फिकट, एक गडद, पुन्हा फिकट, अगदी शेवटपर्यंत. एका टोकाकडे तेलाचा मोठा डाग आहे आणि दुसऱ्या टोकापासून थोडं आत गंजाचा एक ठिपका.

पुढच्या महिन्यात चुलतभावाचं लग्न आहे. फेटे बांधणारा माणूस येणार आहेच, पण मला हाच बांधून उभं राहायचंय. कुणाला बांधता येतो का? आणि तुमच्या घरी डोक्याला, गळ्याला काय काय गुंडाळलं जायचं तेही लिहा. आमच्या घरात सांगणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून इथे विचारतोय.

---

रंकाळाकाठ (रविवार, रात्री ९:४०)

पटका आणि फेटा यात गल्लत करू नका, आधी एवढं सांगतो. आमच्या घरातला फेटा नऊ मीटरचा आहे. तो चुण्या करून बांधायचा, वर तुरा काढायचा, मागं पाठीवर शेमला सोडायचा. फेटा समारंभाचा. पटका आखूड आणि रोजचा, रानात जाताना, बाजाराला, चावडीवर. त्याला तुरा नसतो.

बांधायला दोन माणसं लागतात. एकानं दूर उभं राहून टोक ताणून धरायचं, दुसऱ्यानं चुण्या करत करत डोक्याकडं आणायचं. सुरुवातीचं टोक दातात धरायचं, म्हणजे पहिला पेच सुटत नाही. पहिला वेढा उजव्या कानावरून, दुसरा डाव्या कानावरून, दोन्ही कपाळावर मध्यभागी एकमेकांना कापतात. एकदा तो काप जमला की बाकीचे पेच आपोआप जागेवर बसतात.

---

डबलसीट (रविवार, रात्री ९:४४)

फोटो टाका की राव. पट्टे ऐकूनच उत्सुकता लागली.

---

हळदीकुंकू (रविवार, रात्री १०:०५)

@रंकाळाकाठ, आमच्याकडे (फलटण) दातात धरलेलं टोक शेवटी शेमला होतं आणि तुरा दुसऱ्या टोकाचा निघतो. माझ्या माहेरी उलट, आधी तुऱ्याच्या चुण्या हातात धरून ठेवायच्या आणि शेमला शेवटी. दोघेही आपलंच खरं म्हणतात. लग्नात काकांनी आणि मामांनी यावरून नवरदेवाला अर्धा तास ताटकळत ठेवलं होतं, गुरुजी मुहूर्ताची घाई करत होते.

---

शेंदरीसांज (सोमवार, सकाळी ७:३०)

फोटो चढत नाहीयेत, दुपारी पुन्हा बघतो. तोवर शब्दात सांगतो. पट्टे आडवे नाहीत, उभेही नाहीत. कापड जमिनीवर पसरलं की तिरपे दिसतात, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. फिकट पट्टा साधारण चार बोटं, गडद त्याहून रुंद. दोन्हींची कड धूसर नाही, एकदम रेघ मारल्यासारखी आहे.

---

शिंपीआळी (सोमवार, सकाळी ८:१५)

शेंदरीसांज, हे वाचून सकाळचा चहा बाजूला ठेवला.

आमचं दुकान कराडला होतं, वडील आणि काका दोघं शिवायचे. पटके शिवावे लागत नाहीत, पण लोक रंगवायला, कडा दुमडायला आणि खळ द्यायला आमच्याकडेच आणून टाकायचे, तिथून ते रंगाऱ्याकडे जायचे. त्यामुळे जुने पटके भरपूर हाताळले आहेत.

तुमच्या आजोबांचा पटका पिळाचा आहे. कापडाला दोरासारखा पीळ देत देत डोक्याभोवती गुंडाळायचं. पीळ दिला की कापडाची एकच तिरपी बाजू बाहेर राहते, तिला ऊन लागतं, बाकीचं आत दबतं. उलगडलं की तेच तिरपे पट्टे. चुण्यांचा फेटा असता तर पट्टे लांबीच्या दिशेने सरळ आले असते.

दुसरी गोष्ट. रेघ मारल्यासारखी कड आहे, म्हणजे ते रोज सोडून पुन्हा बांधत नव्हते. रोज बांधला असता तर पीळ रोज थोडा सरकला असता आणि रंग सगळीकडे एकसारखा उडाला असता. एकदा बांधला की आठ-पंधरा दिवस तसाच टोपीसारखा काढायचा, खुंटीला अडकवायचा आणि सकाळी उचलून डोक्यावर ठेवायचा. आमच्याकडची बरीच म्हातारी माणसं असंच करायची. गंजाचा ठिपका खुंटीच्या खिळ्याचा असणार. तेलाचा डाग कपाळाशी किंवा टाळूवर, जिथे पहिला वेढा बसतो तिथला.

म्हणजे त्यांनी कसा बांधला होता हे कापडावरच उमटलेलं आहे. फिकट बाजू सतत बाहेर ठेवत पीळ द्या, तो आपल्या जागी जाईल. आणि हात जोडून सांगतो, आत्ता धुऊ नका.

---

डबलसीट (सोमवार, सकाळी ८:२१)

शिंपीआळी काका, दंडवत.

---

चंद्रपूरची_लेक (सोमवार, दुपारी १:०२)

इकडे आमच्या विदर्भात या धाग्याला एकच उत्तर आहे: दुपट्टा. बायकांच्या ड्रेसवरचा नाही हं, पांढरा सुती. माणसं, बाया, कॉलेजची पोरं, भाजीवाला, कलेक्टर ऑफिसातले बाबू, सगळ्यांच्या डोक्याला, कानाला, गळ्याला एप्रिल ते जून तोच. पारा ४६-४७ वर गेला की त्याच्याशिवाय बाहेर पाऊल टाकता येत नाही बाप्पा. बाबा निघायच्या आधी तो ओला करायचे, पिळायचे, मग कानावरून घेऊन मागे गाठ. आई खिशात कांदा टाकायची. बाबा दहा मिनिटांनी घरी परत येऊन म्हणायचे, दुपट्टा वाळला, पुन्हा ओला कर.

लहानपणी मला वाटायचं हे बिचारे उन्हाने चेहरा झाकून राहिले. नोकरीला पुण्यात गेले तर तिथे बारा महिने पोरी स्कार्फ बांधून दिसल्या. म्हटलं, हे तर आपलेच लोक.

---

सदाशिवकन्या (सोमवार, दुपारी १:३०)

पुण्याचा स्कार्फ आला म्हणून लिहिते. मी १९९९ पासून दुचाकीवर आहे. स्कार्फ उन्हासाठी, धुरासाठी, केसांसाठी असं सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. पण आमच्या वयाच्या मुलींना त्यात आणखी एक गोष्ट मिळाली. रस्त्यावर कुणी ओळखत नाही. सिग्नलला थांबलं की नजरा नाहीत. कुणाबरोबर मागे बसलोय हे काकूंना कळत नाही. मला स्कार्फ बांधायचा हात लागायला दोन महिने लागले: मध्यभाग कपाळावर, दोन्ही टोकं मागे नेऊन फिरवून पुढे आणायची, एक नाकावरून घ्यायचं, आणि शेवटची घडी कानाशी खोचायची. सेफ्टी पिन लावणारी म्हणजे नवशिकी.

बँकेच्या दारावर "तोंडावरील स्कार्फ काढून आत यावे" अशी पाटी आली तेव्हा पहिल्यांदा कळलं की बाहेरच्यांना आपण कशा दिसतो.

---

रेवदंडा (सोमवार, दुपारी २:१०)

आमच्या ऑफिसात सगळ्या मुली पार्किंगमध्ये स्कार्फ सोडतात. तीन महिने मी ज्या स्कार्फला रोज "गुड मॉर्निंग" म्हणत होतो ती माझी सख्खी मावसबहीण निघाली. 😄

---

गोदाकाठ (सोमवार, दुपारी ४:४५)

नांदेडहून. आमचं घराणं इथलंच, घरी पंजाबी आणि मराठी दोन्ही चालतात. १७०८ साली गुरु गोबिंदसिंगजी इथे ज्योती ज्योत समावले (म्हणजे देह ठेवला), तेव्हापासून गोदावरीकाठी आमची वस्ती आहे.

आमच्याकडे पगडी "घातली" म्हणत नाहीत, "बांधली" म्हणतात, आणि आदरानं दस्तार म्हणतात. रोज सकाळी. वर रंकाळाकाठ यांनी दोन माणसं लागतात लिहिलंय ते वाचून हसू आलं, कारण आमच्या घरी सकाळी साडेसहाला हेच चित्र: वडील दाराशी एक टोक धरून, मी दुसरं धरून, पाच मीटर रुबिया (पगडीचं पातळ सुती कापड) ओली करून ताणायची आणि लांबीत घडी घालत जायची. याला पूणी करणं म्हणतात. भाऊ होस्टेलला गेला तेव्हा त्याला पहिली अडचण आली ती पूणी कुणाबरोबर करायची. मग दाराच्या कडीला टोक बांधून शिकला.

सचखंड गुरुद्वारात दर्शनाला येणारे मराठी लोक खिशातला रुमाल डोक्यावर टाकतात, नसला तर दाराशी केशरी रुमाल मिळतात. वारीहून परतणारी माळकरी मंडळी बऱ्याचदा येतात, त्यांना मात्र काही द्यावं लागत नाही. त्यांचं डोकं आधीच झाकलेलं असतं, टोपी तरी असते नाहीतर पांढरा फेटा.

---

शेंदरीसांज (सोमवार, सायंकाळी ६:२०)

गोदाकाठ, दाराच्या कडीची युक्ती घेतली. मीही घरी एकटाच आहे.

---

केळीचंपान (सोमवार, रात्री ८:००)

खानदेशातलं एक सांगते. इकडे गंधमुक्तीच्या दिवशी, म्हणजे उत्तरकार्याला, सुतकातले पुरुष बोडके बसलेले असतात. मग सासरची, मामाकडची माणसं पुढे येतात आणि एकेकाच्या डोक्यावर टोपी ठेवतात, खांद्यावर रुमाल टाकतात. पूर्वी पागोटं बांधायचे. त्यानंतर तो माणूस उठतो, दुकान उघडतो, शेतात जातो.

माझे वडील गेले तेव्हा भाऊ एकोणीस वर्षांचा होता. त्याने आयुष्यात टोपी घातली नव्हती. मामांनी ठेवली तर ती मोठी झाली, कानावर आली. तो तशीच सावरत पंगतीत वाढत फिरत होता. ती टोपी अजून त्याच्या कपाटात आहे, घालत नाही, कुणाला देतही नाही.

---

वाडीवस्ती (सोमवार, रात्री ९:३५)

टॉवेल-टोपीचा आहेर बंद करावा असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या गावात ठरवून बंद केला. लग्नात दोनशे जणांना टॉवेल-टोपी, त्यातल्या दीडशे टोप्या कुणाच्याच डोक्याला बसत नाहीत, तेच टॉवेल पुढच्या लग्नात फिरतात. शेतकऱ्याचे पैसे त्यात जातात.

पण डोक्याचं कापड बंद करा असं मी म्हणणार नाही. आमच्या बाचं मुंडासं म्हणजे अख्खं घर होतं. विहिरीला दोर नसला की तांब्याला बांधून पाणी काढायचं. झोपताना उशाला घ्यायचं. भाकरी त्यातच बांधायची. करडू वाटेत जन्मलं तर त्यात गुंडाळून आणायचं. बाजाराचे पैसे टोकाला गाठ मारून आत खोचायचे, चोराला सापडत नाहीत. एकदा बांधावर भांडण झालं, काठी डोक्यावर बसली आणि मुंडाशामुळे निभावलं. आई तेच कापड जुनं झालं की गोल गुंडाळून चुंबळ करायची, तिच्यावर पाण्याचे दोन हंडे.

---

रंकाळाकाठ (सोमवार, रात्री ९:५०)

+१. चुंबळ हा शब्द किती वर्षांनी वाचला.

---

मोगरी (मंगळवार, सकाळी १०:१०)

सगळे पुरुषांच्या कापडावर भरभरून लिहिताहेत, आनंद आहे. बायकांच्या डोक्यावरच्या कापडाचंही लिहायला हवं.

माझ्या आजेसासूबाईंना मी पाहिलं नाही, फोटो आहे. अकराव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी नवरा गेला, आणि तेव्हापासून आलवण. लाल, जाड, काठ नसलेलं लुगडं, त्याचा पदर केशवपन केलेल्या डोक्यावरून कपाळापर्यंत. घरात कुणी पाहुणा आला की त्यांनी आत जायचं. पंच्याहत्तर वर्षं जगल्या. सासूबाई सांगतात, मरायच्या आधी दोन दिवस त्यांनी पदर मागे सारला आणि म्हणाल्या, वारा लागू दे जरा.

१८९० साली मुंबईत न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं, हे मी शाळेत वाचलं होतं. त्यांच्यामागे कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे उभे होते. ज्यांची रोजी त्या वस्तऱ्यावर होती त्यांनी नकार दिला. आमच्या घरात मात्र त्यानंतरही तीस-चाळीस वर्षं वस्तरा आलाच.

तेव्हा पदर, ओढणी, पागोटं, सगळं एका माळेत ओवू नका. डोक्यावर मानाने घेतलेलं कापड आणि डोक्यावर लादलेलं कापड एकाच सुताचं असलं तरी वेगळं.

---

नर्मदेहर (मंगळवार, सकाळी ११:३०)

मोगरीताई, आलवणाबद्दल तुमचं शब्दन् शब्द मान्य. पण डोक्यावरचा पदर प्रत्येक वेळी लादलेला होता असं मला वाटत नाही. माझी आई आजही देवासमोर, तुळशीपाशी, वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना पदर घेते. तिला कुणी सांगत नाही. न घेता पाया पडली तर हात रिकामे वाटतात म्हणते.

---

मोगरी (मंगळवार, दुपारी १२:०५)

मान्य. मला सासूने सांगितलं तेव्हा मी घेतला नाही, आणि सासरे गेल्यावर त्यांच्या फोटोला हार घालताना आपोआप घेतला. दोन्ही वेळी मी तीच होते. म्हणूनच म्हणते, सांगणारं कोण यावर सगळं अवलंबून.

---

मिरजवाली (मंगळवार, दुपारी ३:१५)

आमची नानी नऊवारी नेसायची. कासोटा घालून, पदर डोक्यावर, शेतात खुरपायला जायची. बाजूच्या शेतातल्या बायकांमधून तिला वेगळं काढता आलं नसतं, कपाळ सोडलं तर. नमाजाच्या वेळी तेवढी पांढरी ओढणी घ्यायची, ती खुंटीला वेगळी टांगलेली असायची, तिला कुणी हात लावायचा नाही. आई सहावारी आणि ओढणी. मी जीन्स आणि हिजाब. मुलीने काय घालायचं ते तिने अजून ठरवलेलं नाही, ती बारा वर्षांची आहे.

लोक विचारतात तुला घरच्यांनी घालायला लावलं का. नाही. माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं, मुंबईत भाड्याने घर शोधताना त्रास होईल. झाला. पण मी मनाने घेतला होता आणि तो माझाच आहे.

---

मोगरी (मंगळवार, दुपारी ३:४०)

मिरजवाली, लिहिलंत ते फार बरं केलंत. ती खुंटीवरची पांढरी ओढणी डोळ्यांसमोर आली.

---

बर्फातलीबाय (मंगळवार, रात्री ११:५८)

मिनेसोटाहून. इथे उणे वीसला माझ्या लेकीला मी कुंची घालते. 😊

आईने शिवून पाठवली आहे. आत जुन्या सुती साडीचं अस्तर, बाहेर हिरवा खण, कडेने लाल पट्टी. डोक्याशी टोक, आणि मागे पाठीवर पडणारा घोळ थेट कमरेपर्यंत. हनुवटीखाली बंद. अमेरिकन टोप्या डोक्यावरून सरकतात आणि मान उघडी पडते, कुंचीत मान, कान, पाठ सगळं एकदम झाकलं जातं. डेकेअरच्या बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं हा कुठल्या परीकथेतला पोशाख. आता त्याच मला म्हणतात, तुझ्या आईकडून आणखी दोन शिवून मिळतील का?

आई म्हणते अस्तराला नवं कापड घेऊ नकोस, टोचतं. बाळाला कायम वापरून मऊ झालेलं सूत. आजीची साडी त्यात गेली आहे.

---

डफावरची_थाप (बुधवार, सकाळी ९:२०)

एक अवांतर. कलगी आणि तुरा हे दोन्ही पागोट्यावरचे अलंकार, आणि आपल्या शाहिरीत त्यावरून दोन पक्षच पडले. कलगीवाले शक्ती श्रेष्ठ म्हणणारे, तुरेवाले शिव श्रेष्ठ म्हणणारे. डफावर सवाल टाकायचा, समोरच्याने जवाब द्यायचा, रात्र रात्र चालायचं. वडील तुरेवाले होते. त्यांच्या फेट्याला समोरून कुणी कलगी लावली असती तर ते मंचावरून उतरले असते.

शाहिराच्या फेट्याबद्दल एवढंच सांगतो, पोवाडा म्हणताना तो पडता कामा नये. म्हणून आतला पहिला वेढा ओला बांधतात, वाळला की आवळून बसतो. रुबाब वरच्या पेचांचा, ताकद आतल्या ओल्या पेचाची.

---

सदाशिवकन्या (बुधवार, सकाळी १०:००)

हे फार सुंदर.

पुणेरी पगडीचं कुणी लिहिलं नाही म्हणून भर घालते. तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पागोटं आपण डोक्यावर बांधायचं, पगडी कारागिराने आधीच बांधून, टाके घालून तयार केलेली. मग ती नुसती घालायची. टिळक, रानडे, गोखले यांच्या फोटोतून ती सगळ्यांना ठाऊक आहे. शिंदेशाही, होळकरशाही, गायकवाडी यांचे घाट वेगळे, नुसत्या कडेवरून माणूस कुठल्या दरबारचा ते कळायचं.

---

वाडीवस्ती (बुधवार, सकाळी ११:१५)

आणि आमच्याकडे टोपीवरून माणूस कुठल्या पक्षाचा ते कळतं. 😀

गांधी टोपी म्हणतात, पण १९२१ साली मदुराईत पंचा नेसायला लागल्यावर गांधीजींनी टोपी सोडली. आमच्या आजोबांनी सोडली नाही. आजही गावच्या पारावर बघा, मुंबईच्या डबेवाल्यांच्या डोक्यावर बघा. रोज नीळ घालून धुतलेली, रात्री उशीखाली घडी घालून ठेवलेली. त्या घडीला इस्त्रीची गरज नाही.

---

ठाणेकरीण (बुधवार, दुपारी १:४५)

मला वेगळी शंका आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत (डोंबिवलीत १९९९ साली सुरू झाली, मग गावोगावी पसरली) आम्ही बायका नऊवारी नेसून, फेटा बांधून, बुलेटवर जातो. मी पाच वर्षं जाते आहे. गेल्या वर्षी एका काकांनी विचारलं, फेटा पुरुषांचा, तुम्ही का बांधता? मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

नर्मदेहर (बुधवार, दुपारी २:३०)

काकांशी मी थोडा सहमत. बाईंनी फेटा बांधू नये असं नाही, पण आता फेटा म्हणजे फोटोपुरतं. लग्नात सत्तर पाहुण्यांना तासाभरात भगवे पॉलिस्टरचे फेटे, जेवणाआधी खुर्चीवर काढून ठेवलेले. कुणाला मान दिला ते कळत नाही.

---

हळदीकुंकू (बुधवार, दुपारी ३:००)

ठाणेकरीण, तुम्ही पुढच्या वर्षी स्वतः बांधायला शिका. आयता डोक्यावर ठेवून घेतला तर काकांना प्रश्न पडणारच. स्वतःच्या हाताने पेच घातले की विचारणाऱ्याची हिंमत होत नाही. मी नणंदेच्या लग्नात सहा बायकांना बांधले, वराकडच्या दोन पुरुषांनी येऊन "वहिनी, आम्हालाही बांधा" म्हणून मान वाकवली.

---

ठाणेकरीण (बुधवार, दुपारी ३:०८)

ठरलं. शनिवारी फलटणला येते. 🙂

---

केळीचंपान (बुधवार, सायंकाळी ७:००)

शेंदरीसांज कुठे गेले? पटक्याचं काय झालं?

---

शेंदरीसांज (शुक्रवार, रात्री १०:४०)

इथेच आहे. तीन दिवस पटक्यातच गेले.

मंगळवारी पहिल्यांदा प्रयत्न केला. गोदाकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे एक टोक दाराच्या कडीला बांधलं आणि पीळ देत गेलो. डोक्यावर आलं तर हे गाठोडंच, कानावर लोंबतंय. पुन्हा उलगडून पाहिलं तर मी पीळ उजवीकडून डावीकडे देत होतो. कापडावरचे पट्टे उलट दिशेने चढतात. आजोबा डावखुरे होते हे तेव्हा आठवलं. खुरपं डाव्या हातात, घास मात्र आजीच्या धाकाने उजव्या हाताने.

काल रात्री पीळ उलटा दिला. फिकट बाजू बाहेर ठेवत गेलो आणि शिंपीआळी काका, खरं सांगतो, कापड हातातून स्वतः वळायला लागलं. तीस वर्षं घडीत राहूनही त्याला पिळाची सवय आहे. एक वेढा डावीकडून, एक उजवीकडून, कपाळावर काप. डफावरची_थाप यांचा ओला पेच मुद्दाम टाळला, डाग जातील म्हणून. शेवटचं टोक मागे खोचलं आणि आरशात पाहिलं तर अख्खा पटका फिकट गुलाबी, एकही गडद रेघ बाहेर नाही. तेलाचा डाग बरोबर कपाळाच्या वर, आत. गंजाचा ठिपका मागे, उजव्या बाजूला, कानाच्या जरा वर.

आत्याला व्हिडिओ कॉल लावला. तिचं वय ८१, आजोबांना ती दादा म्हणायची. ती काही बोललीच नाही, फोन सुनेच्या हातात दिला. पाच मिनिटांनी परत आली आणि म्हणाली, "थोडा डावीकडं वाकडा घे. दादा सरळ कधी बांधत नव्हता."

वाकडा घेतला.

आता अडचण अशी की मला तो सोडवत नाही. लग्न तीन आठवड्यांवर आहे. तोवर खुंटीला अडकवून ठेवू का? कापड कुजेल का?

---

शिंपीआळी (शनिवार, सकाळी ६:५०)

कुजत नाही. खिळ्याला नको, लाकडी खुंटीला अडकवा, म्हणजे दुसरा गंज लागणार नाही. भिंतीला चिकटू देऊ नका, ओल धरते. आठवड्यातून एकदा तासभर सावलीत ठेवा, उन्हात नाही. आत डांबरगोळी घालू नका, कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवा.

आणि लग्नाला जाताना वरून अत्तर मारू नका. त्याला जो वास आहे तो राहू द्या.

---

डबलसीट (शनिवार, सकाळी ७:०२)

फोटो!!

---

शेंदरीसांज (शनिवार, सकाळी ७:१५)

आधी लाकडी खुंटी ठोकतो, मग टाकतो.